आतली क्वेरी बाहेर काढताना: कोरिलेटेड सबक्वेरीऐवजी जॉइन आणि ग्रुप बाय

डेटाबेसमधली दोन टेबलं डोळ्यांसमोर आणा. ‘ग्राहक’ टेबलात ५० हजार ओळी आहेत आणि ‘ऑर्डर्स’ टेबलात २० लाख. प्रत्येक ग्राहकाच्या नावापुढे त्याच्या सगळ्या ऑर्डरींची बेरीज हवी आहे. प्रश्न मनात जसा उमटतो तशीच एसक्यूएल या भाषेत क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहिली तर ती अशी होते (इथे सगळे शब्द देवनागरीत लिहितो आहे, टाइप करताना ते अर्थातच रोमन लिपीत):

सिलेक्ट ग.नाव,
    (सिलेक्ट सम(ऑ.रक्कम)
     फ्रॉम ऑर्डर्स ऑ
     व्हेअर ऑ.ग्राहक_क्र = ग.क्र) अ‍ॅज एकूण
फ्रॉम ग्राहक ग

कंसातल्या क्वेरीत ‘ग.क्र’ आला आहे आणि हा ‘ग’, म्हणजे ‘ग्राहक’ टेबलाचं छोटं नाव, बाहेरच्या क्वेरीतला आहे. कंसातला भाग एकटाच उचलून चालवला तर एरर येईल, कारण ‘ग’ म्हणजे कोण हे त्याला ठाऊकच नाही. बाहेरच्या ओळीवाचून जिला अर्थच लागत नाही अशी क्वेरीच्या पोटातली क्वेरी म्हणजे कोरिलेटेड सबक्वेरी. ‘सगळ्या ऑर्डरींच्या सरासरीपेक्षा मोठ्या ऑर्डरी दाखव’ यातली सरासरी काढणारी सबक्वेरी तशी नसते. ती एकदा चालते, एक आकडा हाती येतो आणि तोच सगळीकडे वापरला जातो. तिचा त्रास नाही, म्हणून तिला इथेच सोडून देऊ.

वरची क्वेरी लिहिली आहे तशीच चालवायची तर आतला भाग ५० हजार वेळा चालेल. ‘ग्राहक_क्र’ या कॉलमवर इंडेक्स (हव्या त्या ओळी थेट शोधून देणारी सूची) नसेल तर प्रत्येक वेळी २० लाख ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतील. ५० हजार गुणिले २० लाख म्हणजे १० हजार कोटी ओळींची तपासणी. इंडेक्स असेल तर चित्र बरंच सुधारतं, कारण एका ग्राहकाच्या सरासरी ४० ऑर्डरी थेट सापडतात. तरीही इंडेक्समध्ये ५० हजार वेळा शिरून बाहेर यावं लागतंच.

हेच काम हातानं करायचं असतं तर आपण असं केलं नसतं. ऑर्डरींचा गठ्ठा एकदाच हातात घेतला असता, प्रत्येक ग्राहकाच्या नावाचा एक कप्पा केला असता आणि येईल ती रक्कम ज्याच्या त्याच्या कप्प्यात मिळवत गेलो असतो. गठ्ठा संपला की ५० हजार बेरजा तयार. मग ग्राहकांची यादी समोर धरून नावापुढे आकडा लिहायचा. ग्रुप बाय आणि जॉइन एकत्र वापरले की डेटाबेस नेमकं हेच करतो:

सिलेक्ट ग.नाव, ब.एकूण
फ्रॉम ग्राहक ग
लेफ्ट जॉइन
    (सिलेक्ट ग्राहक_क्र, सम(रक्कम) अ‍ॅज एकूण
     फ्रॉम ऑर्डर्स
     ग्रुप बाय ग्राहक_क्र) ब
ऑन ब.ग्राहक_क्र = ग.क्र

दोन्ही क्वेऱ्या शेजारी ठेवून बघा. आतल्या व्हेअरमध्ये ‘ऑ.ग्राहक_क्र = ग.क्र’ अशी जी बरोबरी होती तिचे दोन तुकडे झाले. तिच्यातला आतल्या टेबलाचा कॉलम ग्रुप बायमध्ये गेला आणि बरोबरी स्वतः ऑनमध्ये गेली. आतल्या व्हेअरमध्ये आणखी अटी असत्या, समजा फक्त यंदाच्या ऑर्डरी, तर त्या आतच राहिल्या असत्या. यांत्रिक भाग एवढाच आहे आणि तो शिकायला दहा मिनिटं पुरतात.

खरी अडचण पुढे येते. सबक्वेरी न सांगता दोन वचनं पाळत असते. पहिलं, बाहेरची एकही ओळ हरवणार नाही. दुसरं, बाहेरची एकही ओळ दुणावणार नाही. सिलेक्टमधल्या सबक्वेरीत ही दोन्ही वचनं तिच्या घडणीतच असतात: बाहेर ५० हजार ओळी असतील तर उत्तरातही ५० हजारच येतात. जॉइन यातलं एकही वचन आपणहून पाळत नाही, त्यामुळे ती जबाबदारी आपल्यावर येते. या बदलात होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका या दोनपैकी एक वचन मोडल्यानं होतात, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे हे काम वेगाचं म्हणून हाती घेतलं तरी लक्ष अर्थावरच ठेवावं लागतं.

आधी हरवणाऱ्या ओळींचं बघू. वरच्या क्वेरीत ‘लेफ्ट’ हा शब्द लिहायचा राहून गेला तर ज्या ग्राहकांनी एकही ऑर्डर दिलेली नाही ते यादीतून निघून जातात. एरर येत नाही, इशारा मिळत नाही, उत्तर फक्त थोडं लहान होतं. एकदा थंड पडलेले ग्राहक शोधण्यासाठी असलेल्या रिपोर्टची क्वेरी मी अशीच ‘सुधारली’ होती. रिपोर्ट झपाट्यानं येऊ लागला आणि ज्यांच्यासाठी तो काढला जात होता नेमके तेच ग्राहक त्यात उरले नाहीत. ते लक्षात यायला बरेच दिवस गेले, कारण नसलेली ओळ कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

लेफ्ट जॉइन लावला तरी हा विषय संपत नाही. समजा बेरीज नको, ऑर्डरींची संख्या हवी आहे. सबक्वेरीतला काउंट रिकाम्या संचावर ० देतो. पण आधी ग्रुप करून मग लेफ्ट जॉइन केला तर ऑर्डर नसलेल्या ग्राहकाचा गटच तयार होत नाही, म्हणून त्याच्यापुढे नल, म्हणजे ‘इथे किंमतच नाही’ अशी खूण, येतो. बेरजेच्या बाबतीत हा फरक दिसत नाही, कारण रिकाम्या संचाची सम मुळातच नल असते. काउंट मात्र वेगळा वागतो. म्हणून बाहेर ‘कोअ‍ॅलेस(ब.संख्या, ०)’ असं लिहावं लागतं, म्हणजे नलच्या जागी ० येतो. ते विसरलं आणि बाहेर ‘व्हेअर ब.संख्या = ०’ अशी अट असली तर उत्तर रिकामं येतं, कारण नलची शून्याशी बरोबरी कधीच खरी ठरत नाही.

हा खड्डा फार जुना आहे. वोन किम यांनी १९८२ मध्ये नेस्टेड क्वेरींचे प्रकार पाडून प्रत्येक प्रकार जॉइनमध्ये कसा बदलायचा याच्या पद्धती एका शोधनिबंधात मांडल्या. डेटाबेसच्या ऑप्टिमायझरांना (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या भागांना) या वाटेवर आणणारं ते काम होतं. पण आतली क्वेरी काउंट करत असेल तर त्यांची पद्धत शून्य संख्येच्या ओळी गमावत होती. वेर्नर किसलिंग यांनी हा दोष दाखवून दिला आणि १९८७ मध्ये गान्स्की आणि वाँग यांनी आउटर जॉइन (लेफ्ट जॉइन हा त्याचाच एक प्रकार) वापरून तो दुरुस्त केला. डेटाबेसच्या जगात त्याला आजही ‘काउंट बग’ म्हणतात. ज्या विषयावर शोधनिबंध लिहिणारे अडखळले तिथे रोजच्या कामाच्या गडबडीत आपणही अडखळणार, हे धरूनच चालावं.

काउंटचीच आणखी एक गंमत आहे. काही जण आधी जॉइन करून मग ग्रुप करतात: ग्राहकांना ऑर्डर्स लेफ्ट जॉइन, मग ग्राहकानुसार ग्रुप बाय, आणि वर ‘काउंट(*)’. ऑर्डर नसलेल्या ग्राहकाची स्वतःची एक ओळ लेफ्ट जॉइनमध्ये टिकून राहते, आणि काउंट(*) ओळी मोजतो, म्हणून त्याच्यापुढे १ येतो. तिथे ‘काउंट(ऑ.क्र)’ लिहायला हवं. कॉलमचं नाव दिलं की नल मोजले जात नाहीत आणि हवा तो शून्य मिळतो.

आणि अटीची जागा. ‘फक्त यंदाच्या ऑर्डरी’ ही अट जॉइननंतरच्या व्हेअरमध्ये टाकली तर लेफ्ट जॉइन लिहूनही तो साधा इनर जॉइन होऊन बसतो. ज्याची एकही ऑर्डर नाही त्याच्या ओळीत तारखेच्या जागी नल असतो, ज्याच्या फक्त जुन्या ऑर्डरी आहेत त्याच्या ओळीत जुनी तारीख असते, दोन्ही अटीत बसत नाहीत आणि ओळ गळते. उजवीकडच्या टेबलावरची अट ऑनमध्ये किंवा आतल्या ग्रुपच्या व्हेअरमध्ये ठेवायची.

आता दुसरं वचन, ओळी न दुणावण्याचं. एकच सबक्वेरी असते तोवर हे सहज निभावतं. दोन असल्या की फसगत होते. समजा ग्राहकापुढे ऑर्डरींची बेरीज हवी आहे आणि शेजारी त्याच्या तक्रारींची संख्याही. मूळ क्वेरीत सिलेक्टमध्ये दोन सबक्वेऱ्या होत्या. बदलताना मोह असा होतो की ग्राहकांना ऑर्डर्स जोडू, तक्रारीही जोडू आणि शेवटी एकदाच ग्रुप बाय करू.

एक ग्राहक घेऊ. त्याच्या तीन ऑर्डरी आहेत: ५००, ५०० आणि २००. तक्रारी दोन. जॉइननंतर त्याच्या नावावर ३ गुणिले २ अशा ६ ओळी होतात, कारण प्रत्येक ऑर्डर प्रत्येक तक्रारीशी जोडली जाते. बेरीज १२०० यायला हवी, ती २४०० येते. तक्रारी २ असायला हव्यात, त्या ६ दिसतात. मग कुणीतरी ‘डिस्टिंक्ट’ सुचवतं. ‘काउंट(डिस्टिंक्ट त.क्र)’ केलं तर तक्रारी पुन्हा २ होतात, आणि त्या यशामुळे ‘सम(डिस्टिंक्ट ऑ.रक्कम)’ही लिहिलं जातं. त्याचं उत्तर येतं ७००, कारण दोन वेगळ्या ऑर्डरींची सारखीच असलेली ५०० ही रक्कम एकदाच धरली गेली. हा आकडा खोटा आहे पण खऱ्यासारखा दिसतो. २४०० बघून निदान कुणाला तरी शंका येते, ७०० बघून येत नाही. म्हणून दुणावलेल्या जॉइनवर डिस्टिंक्टचं ठिगळ लावण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे.

बरोबर रस्ता असा: प्रत्येक टेबलाला आपापल्या जागी आधी ग्रुप करायचं आणि मग जोडायचं. ऑर्डर्सचा ग्राहकानुसार ग्रुप केला की प्रत्येक ग्राहकाची जास्तीत जास्त एक ओळ उरते. तक्रारींचंही तसंच. एकाला एक जोडलं तर काही दुणावत नाही. सबक्वेरी दोन असोत की सहा, प्रत्येकीचा वेगळा ग्रुप आणि वेगळा लेफ्ट जॉइन. क्वेरी लांबते, पण वाचणाऱ्याला एकेक तुकडा सुटा समजतो. विथ वापरून या तुकड्यांना नावं दिली तर आणखी बरं.

एकाच टेबलावर दोन-तीन वेगळ्या अटींच्या सबक्वेऱ्या असतात तेव्हा तर चांगलाच फायदा होतो. एकूण ऑर्डरी, रद्द झालेल्या ऑर्डरी, मोठ्या ऑर्डरी अशा तीन सबक्वेऱ्या म्हणजे त्याच टेबलावर तीन फेऱ्या. त्याऐवजी एकाच ग्रुपमध्ये ‘सम(केस व्हेन ऑ.स्थिती = 'रद्द' देन १ एल्स ० एंड)’ अशा मोजण्या शेजारी शेजारी ठेवता येतात आणि टेबल एकदाच वाचलं जातं.

आतापर्यंत सबक्वेरी सिलेक्टमध्ये होती. ती व्हेअरमध्येही बसते. ‘ज्या ऑर्डरी त्या त्या ग्राहकाच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा मोठ्या आहेत त्या दाखव’ हा नेहमीचा नमुना. इथेही ऑर्डर्सचा ग्राहकानुसार सरासरीचा ग्रुप करून तो ऑर्डर्सलाच परत जोडायचा आणि व्हेअरमध्ये रक्कम सरासरीशी ताडायची. इथे साधा इनर जॉइन चालतो, कारण ज्याची सरासरीच नाही त्याची ऑर्डर अटीत बसणारच नव्हती.

हेच विंडो फंक्शननं जास्त नीटस होतं: ‘अ‍ॅव्हरेज(रक्कम) ओव्हर (पार्टिशन बाय ग्राहक_क्र)’, म्हणजे प्रत्यक्षात एव्हीजी फंक्शन. ओळ जागेवर राहते आणि तिच्या शेजारी गटाची सरासरी येते, म्हणून जॉइनच लागत नाही. विंडो फंक्शन व्हेअरमध्ये थेट लिहिता येत नाही, म्हणून ते आतल्या क्वेरीत काढून अट बाहेरच्या क्वेरीत घालावी लागते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ही सोय २००९ च्या ८.४ आवृत्तीपासून आहे, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये ती २०१८ मध्ये आली. जुन्या प्रकल्पांत कोरिलेटेड सबक्वेऱ्या इतक्या का सापडतात याचं एक कारण हेही आहे, कारण त्या काळी पर्याय कमी होते.

विंडोत एक बारीक फरक मात्र आहे. ‘ग्राहक_क्र’ नल असलेल्या ऑर्डरी मूळ क्वेरीत कधीच येत नव्हत्या, कारण नल आणि नल यांची बरोबरी खरी होत नाही. जॉइनमध्येही त्या येत नाहीत. पार्टिशन बाय मात्र सगळ्या नलांचा एक गट करतं आणि त्या ऑर्डरी उत्तरात दिसू लागतात. कॉलमवर ‘नॉट नल’ची सक्ती असेल तर प्रश्न नाही. नसेल तर अट वाढवा.

‘प्रत्येक ग्राहकाची शेवटची ऑर्डर’ या प्रश्नातही असंच काहीसं होतं. आतली क्वेरी त्या ग्राहकाची मॅक्स तारीख देते आणि बाहेर तारखेची तिच्याशी बरोबरी केलेली असते. ग्रुप करून ग्राहक आणि तारीख अशा दोन्हींवर जॉइन केला की तोच अर्थ राहतो, शेवटच्या दिवशी दोन ऑर्डरी असतील तर दोन्ही येतात. त्याऐवजी रो नंबर (गटातल्या ओळींना १, २, ३ असे क्रमांक देणारं विंडो फंक्शन) लावून पहिली ओळ घेतली तर एकच येईल. बहुतेकदा आपल्याला एकच हवी असते, पण मग तो वेग वाढवण्यासाठी केलेला बदल राहत नाही, अर्थातला बदल होतो, आणि तो जाणूनबुजून करायला हवा. रँक वापरला तर सारख्या तारखेच्या ओळींना सारखाच क्रमांक मिळतो आणि मूळ अर्थ टिकतो.

बरोबरीच्या जागी लहान-मोठेपणाची अट असते तेव्हा ग्रुप बायची युक्ती चालत नाही. ‘या तारखेपर्यंतची एकूण रक्कम’ यात आतली अट ‘ऑ२.तारीख <= ऑ१.तारीख’ अशी असते. एकच ऑर्डर पुढच्या अनेक ओळींच्या बेरजेत मोडते, म्हणून गटच पडत नाहीत. टेबलाला स्वतःशीच या अटीनं जोडून मग ग्रुप केलं तर ओळी बेसुमार वाढतात. इथे ‘सम(रक्कम) ओव्हर (ऑर्डर बाय तारीख)’ हाच खरा पर्याय. यात फ्रेम (बेरजेत कुठून कुठपर्यंतच्या ओळी धरायच्या ते) न सांगता सोडली तर एकाच तारखेच्या सगळ्या ओळी एकत्र धरल्या जातात, म्हणजे ‘<=’ चा अर्थ जसाच्या तसा राहतो. ‘रोज’, म्हणजे ओळीओळीनं मोजणारी, फ्रेम दिली तर राहत नाही.

एक्झिस्ट्सच्या सबक्वेरीला मात्र मी सहसा हात लावत नाही. ‘ज्यांनी निदान एक ऑर्डर दिली आहे असे ग्राहक’ हे एक्झिस्ट्सनं लिहिलं की डेटाबेस पहिली ऑर्डर सापडताच थांबू शकतो. त्याला सेमी जॉइन म्हणतात आणि आजचे बहुतेक ऑप्टिमायझर तो स्वतःच करतात. त्याचा साधा जॉइन केला तर ४० ऑर्डरींच्या ग्राहकाच्या ४० ओळी होतात, मग त्या आवरायला डिस्टिंक्ट लागतं. आधी पसारा करायचा आणि मग तो आवरायचा, यात हाती काही लागत नाही. नॉट एक्झिस्ट्सच्या जागी लेफ्ट जॉइन आणि ‘ऑ.ग्राहक_क्र इज नल’ हे बरोबर चालतं, पण तेही गरज पडली तरच. नॉट इनकडे (‘या यादीत नसलेले’ अशा अटीकडे) मात्र वळू नका. आतल्या यादीत एकच नल असला तरी पूर्ण उत्तर रिकामं येतं.

मायएसक्यूएलची सवय असलेल्या जुन्या लोकांना इनच्या सबक्वेरीचीही धास्ती असते. त्याला कारण होतं. ५.६ च्या आधी तो डेटाबेस स्वतंत्र असलेली इनची सबक्वेरीसुद्धा आतल्या आत कोरिलेटेड करून ओळीओळीला चालवत असे. २०१३ मध्ये आलेल्या ५.६ नं सेमी जॉइन आणले आणि ती तक्रार बरीचशी मिटली.

मग हे सगळं ऑप्टिमायझरनंच का करू नये? काही करतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे कसं साधलं ते गालिंदो-लेगारिया आणि जोशी यांनी २००१ मध्ये लिहून ठेवलं आहे. नॉयमन आणि केम्पर यांनी २०१५ मध्ये कुठलीही कोरिलेटेड सबक्वेरी सोडवण्याची सर्वसाधारण रीत मांडली आणि डकडीबी या डेटाबेसची सबक्वेरी सोडवण्याची पद्धत त्यावर उभी आहे. पोस्टग्रेस एक्झिस्ट्सला सेमी जॉइन करतो, पण बेरीज-सरासरी काढणारी कोरिलेटेड सबक्वेरी तशीच ठेवतो. मायएसक्यूएलनं ८.०.२४ पासून अशी सबक्वेरी बदलण्याची सोय दिली, पण त्यासाठीचं सेटिंग मुळात बंद असतं. म्हणून आधी प्लॅन, म्हणजे डेटाबेस क्वेरी कशी चालवतो त्याचा आराखडा, बघायचा. पोस्टग्रेसमध्ये ‘एक्सप्लेन अ‍ॅनलाइज’ चालवलं की ‘सबप्लॅन’च्या खाली ‘लूप्स’ चा आकडा दिसतो. तो ५०००० असेल तर आतली क्वेरी खरोखरच ५० हजार वेळा चालली. मायएसक्यूएलमध्ये ‘डिपेंडंट सबक्वेरी’ असे शब्द दिसतात. हे काही दिसत नसेल तर क्वेरी हळू असण्याचं कारण दुसरीकडे शोधा.

कधी कधी सबक्वेरीच जिंकते. बाहेर फक्त १० ग्राहक हवे असतील आणि इंडेक्स जागेवर असेल तर १० वेळा शिरणं हे २० लाख ओळी ग्रुप करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. बाहेरची अट आतल्या ग्रुपमध्ये ढकलणं ऑप्टिमायझरला दर वेळी जमतंच असं नाही, मग तो १० जणांसाठी ५० हजारांच्या बेरजा काढत बसतो. पानापानानं दाखवल्या जाणाऱ्या यादीत मी म्हणूनच सबक्वेरी राहू देतो. प्रत्येक ग्राहकाच्या शेवटच्या तीन ऑर्डरी हव्या असतील तर ‘लॅटरल’ जॉइन हाताशी असतो, पोस्टग्रेसमध्ये ९.३ पासून, मायएसक्यूएलमध्ये ८.०.१४ पासून. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्याचंच नाव ‘अप्लाय’. तो मनानं कोरिलेटेड सबक्वेरीच आहे, फक्त एकाहून अधिक ओळी आणि कॉलम देऊ शकतो.

बदल केल्यावर दोन्ही क्वेऱ्यांची उत्तरं एकमेकांतून वजा करून बघा: आधी जुनीतून नवी, मग नवीतून जुनी. यासाठी ‘एक्सेप्ट ऑल’ वापरा. नुसता ‘एक्सेप्ट’ सारख्या ओळी एकच धरतो, त्यामुळे दुणावलेल्या ओळी त्याच्या नजरेतून निसटतात. आणि ही तपासणी करताना टेबलात चार ग्राहक मुद्दाम घालून ठेवा: एकही ऑर्डर नसलेला, सारख्याच रकमेच्या दोन ऑर्डरी आणि दोन तक्रारी असलेला, एकाच दिवशी दोन ऑर्डरी दिलेला, आणि फक्त जुन्या वर्षातल्या ऑर्डरी असलेला. शिवाय ग्राहक क्रमांक नल असलेली एक ऑर्डर. दोन्ही वजाबाक्या रिकाम्या आल्या की नवी क्वेरी जुनीच्या जागी ठेवा.